नोंद टिकली पाहिजे



 संमेलनाच्या अध्यक्षाने सगळ्या क्षेत्राचा आढावा घ्यावा असा रिवाज आहे. तो आज बाजूला ठेवून मी एकाच प्रश्नावर बोलणार आहे: छोट्या मायक्रोकंट्रोलरवर सेन्सरच्या नोंदी साठवायच्या कशा? आपल्या प्रदर्शनांत सेन्सर नवे असतात, रेडिओ नवे असतात, मोबाइलवरचे आलेख देखणे असतात. नोंद कुठे राहते आणि वीज गेल्यावर तिचं काय होतं, हे मात्र कुणाच्या फलकावर लिहिलेलं नसतं. मला ही मोठी उणीव वाटते.

नाशिककडच्या द्राक्षबागेचं उदाहरण घेऊ. ऑक्टोबर छाटणीनंतर बागायतदाराला डावणी रोगाची धास्ती असते. त्याचा प्रश्न सरळ आहे: काल रात्री पानं किती तास ओली होती, आणि तेव्हा तापमान किती होतं? त्यावर फवारणी घ्यायची की थांबायचं हे ठरतं. म्हणून आपण दर दहा मिनिटांनी तापमान आणि पानाचा ओलावा नोंदवतो. दिवसाला १४४ रीडिंग झाली.

आता बोर्डाकडे बघा. आपल्यापैकी बहुतेकांची सुरुवात ज्या एटमेगा ३२८पी चिपवर झाली, तिच्यात प्रोग्रामसाठी ३२ केबी फ्लॅश, कामासाठी २ केबी रॅम आणि कायमच्या नोंदींसाठी १ केबी ईईप्रॉम आहे. हे अपुरं म्हणून आपण बाहेरून २४एलसी२५६ ही ३२ केबीची ईईप्रॉम चिप जोडतो. पुष्कळ, असं वाटतं. पण तारीख, वेळ, तापमान आणि ओलावा अशी ओळ अक्षरांत लिहिली, तर एका रीडिंगला साधारण २६ बाइट जातात. दिवसाचे ३,७४४ झाले. नवव्या दिवशी चिप भरते.

यावर उत्तर तयार असतं, एसडी कार्ड लावा, मेमरी स्वस्त झाली आहे. कार्डाला माझा विरोध नाही. पण कार्ड ५१२ बाइटच्या ठोकळ्यांत लिहितं, म्हणजे २ केबी रॅममधला चौथा हिस्सा एका बफरलाच जातो. शिवाय फाइलची नोंदवही अद्ययावत होत असताना वीज गेली, तर शेवटची ओळच जाईल असं नाही, सगळी फाइल वाचता येईनाशी होऊ शकते. बागेत वीज कधी जाईल याचा भरवसा कुणी द्यावा?

म्हणून मी म्हणतो, चिप विकत घेण्याआधी कागद घ्या आणि एका नोंदीचा आकार ठरवा. डीएस१८बी२० हा सेन्सर ०.०६२५ अंशापर्यंतचा आकडा देतो, पण त्याची अचूकता ±०.५ अंश आहे. मग दशांशाची दोन स्थळं जपून आपण काय जपतो? अर्ध्या अंशाच्या पायरीने उणे २० पासून मोजलं, तर सगळं तापमान एका बाइटात बसतं. पान ओलं की कोरडं, याला एक बिट पुरतो. वेळ प्रत्येक रीडिंगला लिहायची गरज नाही, अंतर ठरलेलं आहे. पहिल्या रीडिंगची वेळ पुरे.

२४एलसी२५६ मध्ये ६४ बाइटचं एक पान असतं. लिहिताना पानाची हद्द ओलांडली, तर उरलेले बाइट पुढच्या पानावर जात नाहीत. ते त्याच पानाच्या सुरुवातीला येऊन आधीचं पुसतात. तेव्हा नोंद पानातच बसवावी. आठ तासांची ४८ रीडिंग घ्या: तापमानाचे ४८ बाइट आणि ओलाव्याचे ६, मिळून ५४. बॅटरीच्या व्होल्टेजला २. सुरुवातीच्या वेळेला ४, पानाच्या अनुक्रमांकाला २, आणि मजकूर शाबूत आहे की नाही हे तपासणाऱ्या सीआरसीला २. बरोबर ६४. दिवसाला तीन पानं. चिपमध्ये ५१२ पानं आहेत, म्हणजे १७० दिवस. छाटणीपासून काढणीपर्यंतचा हंगाम त्याच चिपमध्ये मावला, जी आधी नऊ दिवसांत भरत होती.

पण पान भरेपर्यंतचे आठ तास रॅममध्येच राहतात, आणि वीज गेली की तेच जातात. इथे एका जुन्या चिपची मदत घेता येते. डीएस१३०७ या घड्याळाच्या चिपमध्ये बटन सेलवर टिकणारी ५६ बाइट रॅम आहे. आपली ५४ अधिक २ बाइटची माहिती तिच्यात तंतोतंत बसते. दर दहा मिनिटांनी तिच्यात लिहावं, कारण या रॅमला झीज नाही. आठ तासांनी पान ईईप्रॉममध्ये उतरवावं आणि सीआरसी सगळ्यांत शेवटी लिहावा. लिहिताना वीज गेली, तरी घड्याळात प्रत शिल्लक असते. बोर्ड पुन्हा सुरू झाल्यावर सीआरसी जुळत नाही असं दिसतं आणि पान नव्याने लिहिता येतं. हे घड्याळ डीएस३२३१ इतकं अचूक नाही, महिन्याला काही मिनिटं चुकू शकतं. बागेच्या कामाला तेवढी चूक मला मान्य आहे. ज्यांना मान्य नसेल त्यांनी डीएस३२३१ सोबत एफरॅम ही मेमरी चिप घ्यावी. ती महाग आहे, पण लाखो कोटी वेळा लिहिता येते आणि लिहिताना थांबावं लागत नाही. विद्यार्थ्यांसाठी एक सूचना: आर्डुइनोच्या वायर लायब्ररीचा बफर या बोर्डांवर ३२ बाइटचा आहे आणि त्यातले २ पत्त्यात जातात. ६४ बाइट एकदम पाठवले, तर उरलेले मुकाट्याने गळतात.

झिजेचा मुद्दा मला विशेष कळकळीने मांडायचा आहे. एटमेगाच्या आतल्या ईईप्रॉमची हमी प्रत्येक जागेला १ लाख वेळा लिहिण्याची आहे. पुष्कळ प्रोग्राम पुढची रिकामी जागा कोणती, हा आकडा एकाच ठरलेल्या पत्त्यावर दर नोंदीला लिहितात. दहा मिनिटांच्या हिशेबाने ती हमी दोन वर्षांच्या आत संपते. दर मिनिटाला लिहिलं तर सत्तर दिवसांत. बाकीची मेमरी कोरी करकरीत, आणि नोंद कुठे संपते हे सांगणारा बाइटच बाद! आपल्या आराखड्यात असा बाइट लागत नाही. सुरू होताना सगळ्या पानांचे अनुक्रमांक वाचावेत; वैध पानांत ज्याचा सर्वांत मोठा, ते शेवटचं. मोठ्या कंपन्यांनाही हा धडा महाग पडला आहे. २०२१ साली टेस्लाने सुमारे १ लाख ३५ हजार गाड्या परत बोलावल्या, कारण ८ जीबीची फ्लॅश मेमरी सततच्या लिहिण्याने झिजून पडदा बंद पडण्याचा धोका होता.

आणखी एक आग्रह. सेन्सरची तार तुटली, तर त्या जागी शून्य लिहू नका. निफाडला थंडीत पारा शून्याच्या जवळ जातो. तिथे शून्य ही खरी, बागेला मारक बातमी आहे. २५५ हा आकडा 'रीडिंग नाही' यासाठी राखून ठेवा. खंड खंड म्हणूनच दिसला पाहिजे. मधली सरासरी भरून आलेख गुळगुळीत करणं मला खोटी साक्ष देण्यासारखं वाटतं.

या बाबतीत आपला वारसा मोठा आहे. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत १८४० च्या दशकापासून पृथ्वीच्या चुंबकत्वाची रीडिंग डोळ्यांनी घेऊन वहीत उतरवली जात. सप्टेंबर १८५९ मध्ये कॅरिंग्टन हे चुंबकीय वादळ आलं, तेव्हा एरवी तासातासाने होणारी नोंद निरीक्षकांनी अधिक जवळजवळ घेतली. चुंबकीय क्षेत्र सुमारे १,६०० नॅनोटेस्लाने खाली गेल्याचं त्या वहीत आहे. २००३ साली शास्त्रज्ञांनी त्या वादळाची तीव्रता काढली ती याच नोंदींवरून, १४४ वर्षांनी. काही घडत नसताना विरळ आणि घडू लागताच दाट नोंद घ्यायची, ही पद्धत आपल्या प्रोग्राममध्ये दहा ओळींत बसते. पण घेतलेली नोंद दुसऱ्याला वाचता यावी म्हणून तिचं स्वरूप लिहून ठेवणं, हे त्या निरीक्षकांनी केलं आणि आपण करत नाही.

तेव्हा माझी विनंती अशी. तुमच्या यंत्राच्या झाकणाच्या आतल्या बाजूला नोंदीचा आराखडा मराठीत चिकटवा: कोणता बाइट कशाचा, पायरी किती, खंडाची खूण कोणती. विकण्याआधी लिहिणं चालू असताना पुन्हा पुन्हा वीज तोडून बघा. आणि पुढच्या संमेलनाला आलेख आणू नका. एका हंगामाची कच्ची नोंद आणा, खंडांसकट, आणि ती इथे सगळ्यांसमोर उघडून दाखवा.