'ध'चा 'मा' : माध्यमे, समाज आणि विवेक



'ध'चा 'मा' करणे हा वाक्प्रचार मराठी मुलखात आबालवृद्धांना ठाऊक आहे. ३० ऑगस्ट १७७३ रोजी पुण्याच्या शनिवारवाड्यात गारद्यांनी नारायणराव पेशव्यांचा वध केला. मूळ आज्ञेतील 'धरावे' या शब्दाचे वाटेत कोणीतरी 'मारावे' केले, अशी आख्यायिका आहे. इतिहासाच्या कसोटीवर ती कितपत टिकते, हा विद्वानांचा विषय. परंतु लोकांनी ती अडीचशे वर्षे जपून ठेवली, त्यामागे एक अनुभव आहे. निरोप वाटेत बदलतो आणि त्याची किंमत कोणाला तरी प्राणाने मोजावी लागते, हा तो अनुभव होय.

माध्यम म्हणजे निरोप वाहून नेणारे साधन. ६ जानेवारी १८३२ रोजी बाळशास्त्री जांभेकरांनी मुंबईत पहिले मराठी वृत्तपत्र सुरू केले व त्याला 'दर्पण' हे नाव दिले. समाजाने आपले मुख जसे आहे तसे पाहावे, हा भाव त्या नावातच आहे. पुढे १८६७ च्या कायद्याने छापील कागदावर मुद्रकाचे नाव व मुद्रणाचे ठिकाण देणे बंधनकारक केले. त्यामुळे छापलेल्या प्रत्येक शब्दाला धनी मिळाला. शब्द खोटा ठरला तर जाब कोणाला विचारावा, हे वाचकाला ठाऊक असे.

मराठवाड्याने तर खऱ्या बातमीचे मोल फार जवळून पाहिले आहे. निजामी राजवटीत आ. कृ. वाघमारे यांनी सरकारच्या रोषाची पर्वा न करता 'मराठवाडा' पत्र चालविले. हैदराबादच्या 'इमरोज' या उर्दू दैनिकाचे तरुण संपादक शोएबुल्ला खान यांनी रझाकारांच्या अत्याचारांविरुद्ध लेखणी उचलली, म्हणून ऑगस्ट १९४८ मध्ये त्यांची हत्या करण्यात आली. सत्य छापण्यासाठी माणसे जिवावर उदार झाली, तेव्हा कोठे या भूमीला मोकळे वृत्तपत्र लाभले.

माध्यमे केवळ बातमी देत नाहीत, ती संस्कृतीही घडवितात. जानेवारी १९८७ मध्ये दूरदर्शनवर 'रामायण' मालिका सुरू झाली आणि रविवारी सकाळी गावोगावचे रस्ते ओस पडू लागले. कीर्तनकाराच्या वाणीतून ज्याने त्याने आपापल्या मनात रंगविलेला राम त्या दिवसांत लाखो घरांत एकाच चेहऱ्याचा झाला. १९९४ साली 'हम आपके हैं कौन' हा चित्रपट आला. मेंदीची रात्र, संगीताचा कार्यक्रम, नवरदेवाचे जोडे पळविणे या उत्तरेकडील प्रथा त्यानंतर मराठी घरांतील लग्नांतही सर्रास दिसू लागल्या. लग्नाचा बस्ता बांधण्यास येणारी मंडळी पूर्वी घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांच्या पसंतीने लुगडी-शालू निवडीत. आज मोबाइलवरील एखाद्या अभिनेत्रीचे छायाचित्र पुढे केले जाते आणि 'अगदी असेच हवे' अशी मागणी होते. यात सारेच वाईट आहे असे नव्हे, कारण रूढी काळाबरोबर बदलतातच. मात्र हा बदल कोणी सभेत ठरविला नाही, की कोणी कायद्याने लादला नाही. पडद्याने तो घडविला आणि पाहणाऱ्यांना त्याचा पत्ताही लागला नाही. खर्चाचा बोजा वधूपित्यावर पडला, तेवढा मात्र स्पष्ट दिसला.

मोबाइल हाती आल्यावर निरोप अधिकच वेगवान झाला. परंतु त्याचा धनी हरवला. संदेश कोणी लिहिला, कोठे लिहिला, कोणत्या हेतूने लिहिला, यांपैकी काहीच त्यावर नसते. दहा रुपयांच्या नाण्याचेच पाहावे. रुपयाचे चिन्ह असलेले नाणे खरे व नसलेले खोटे, अशी आवई उठली आणि अनेक गावांच्या बाजारपेठांत ग्राहकांनी व दुकानदारांनी ती नाणी नाकारली. शेवटी १७ जानेवारी २०१८ रोजी रिझर्व्ह बँकेने पत्रक काढून चौदाही नमुन्यांची नाणी वैध असल्याचे सांगितले. तरीही कित्येक गल्ल्यांवर ती नाणी परतच केली जात राहिली. बँकेचे पत्रक अधिकृत होते. पण अफवा ओळखीच्या माणसाकडून आली होती.

नाण्याच्या अफवेने व्यवहार अडला. त्याच वर्षी दुसऱ्या एका अफवेने माणसे मारली. धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे १ जुलै २०१८ रोजी आठवडे बाजार होता. मुले पळविणारी टोळी फिरत असल्याचे संदेश त्या दिवसांत मोबाइलवरून पसरत होते. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, भिक्षेवर उदरनिर्वाह करणारे पाच जण त्या गावी आले. जमावाने त्यांना ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडले आणि मारून मारून ठार केले. त्यांनी कोणाचेही मूल पळविले नव्हते.

लोहा परिसराला ही घटना परकी वाटण्याचे कारण नाही. याच तालुक्यातील माळेगावी मार्गशीर्षात खंडोबाची यात्रा भरते. गोसावी, वैदू, घिसाडी, मसणजोगी अशा भटक्या समाजांचे लोक पिढ्यान्‌पिढ्या तेथे येत आले. त्यांच्या जातपंचायती तेथे भरत आणि परिसरातील घरे त्यांना पसाभर धान्य देत. भिक्षेकऱ्याच्या झोळीकडे पाहण्याची एक दृष्टी या भूमीने शतकानुशतके जोपासली. राईनपाड्यातील जमावाने तीच झोळी पाहिली. पण काही दिवसांच्या संदेशांनी त्या झोळीचा अर्थ पालटून टाकला होता. माध्यमांचा संस्कृतीवरील परिणाम म्हणतात तो हाच.

त्या काळात देशभर फिरलेल्या एका चित्रफितीची हकीकत यापुढे ध्यानात ठेवण्यासारखी आहे. मोटारसायकलवरून येऊन मूल उचलून नेणारे दोघे तीत दिसत. ती मुळात कराचीतील एका संस्थेने पालकांना सावध करण्यासाठी तयार केलेली फीत होती. शेवटी ते दोघे मूल परत आणून देतात व सावधगिरीचा फलक दाखवितात. कोणीतरी तो शेवटचा भाग कापून टाकला. उरलेल्या तुकड्यात एकही दृश्य नव्याने घातलेले नव्हते, तरीही तो तुकडा संपूर्ण खोटा झाला. डोळ्यांनी पाहिले म्हणजे खरे, हा भरवसा ठेवण्याचे दिवस आता राहिले नाहीत. आज तर यंत्राच्या साहाय्याने चेहरा आणि आवाजही हुबेहूब बनविता येतो.

यावर उपाय काय? जुलै २०१८ मध्ये व्हॉट्सअॅपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठविण्याची मर्यादा घालण्याचे जाहीर केले. १७ जुलै २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जमावाकडून होणाऱ्या हत्या रोखण्यासाठी प्रत्येक जिल्ह्यात अधिकारी नेमण्याचे निर्देश दिले. ही पावले आवश्यकच होती. परंतु कंपनीची मर्यादा आणि न्यायालयाचा आदेश घरातील बोटापर्यंत पोहोचत नाही. तेथे व्यक्तीचा विवेकच जागा असावा लागतो. या जागेपणालाच माध्यम साक्षरता म्हणतात.

व्यापारी समाजाला हा विवेक नवा नाही. जुन्या पेढ्यांवर शहाजोग हुंडी चालत असे. बाजारात ज्याची पत आहे अशा 'शहा'लाच तिची रक्कम मिळे आणि तिची चौकशी केल्यावाचून पैसा बाहेर पडत नसे. पुढे हुंडी खोटी निघाली, तर रक्कम व्याजासह परत करण्याची जबाबदारी ती घेणाऱ्या शहावर येई. 'मी लिहिली नव्हती, मी फक्त आणली' ही सबब तेथे चालत नसे. संदेश पुढे पाठविणारा हा त्या संदेशाचा शहाच असतो. वाचणारा संदेशावर विश्वास ठेवतो, तो पाठविणाऱ्याची पत पाहून. 'फॉरवर्डेड आहे' एवढे म्हणून ती जबाबदारी झटकता येत नाही. श्रावकाच्या सत्याणुव्रताच्या अतिचारांत 'कूटलेखक्रिया' म्हणजे खोटा लेख करणे हा दोष पूर्वाचार्यांनी स्पष्टपणे गणला आहे. त्या काळी लेख ताडपत्रावर होता, आज तो काचेवर आहे. दोष मात्र तोच राहतो.

म्हणून प्रत्येक घराने काही साधे नियम पाळावेत. संदेशाचा धनी कोण, तो केव्हाचा व कोठला आहे आणि दुसऱ्या विश्वसनीय ठिकाणी ती बातमी आली आहे काय, हे पाहिल्यावाचून तो पुढे पाठवू नये. ज्या संदेशाने मनात भय किंवा संताप एकाएकी उसळतो, त्याबाबत अधिक सावध असावे, कारण असे संदेश विचाराला उसंतच देत नाहीत. एखाद्या समाजाविषयीची बातमी त्या समाजाच्या माणसाला विचारून पाहावी. अनेकान्ताची शिकवण व्यवहारात आणण्याची याहून सोपी रीत नाही. वृद्धांना पोलीस असल्याचे भासवून दूरध्वनीवर 'डिजिटल अटक' करणारे ठग लुबाडतात. अशी अटक कायद्यात नाही, हे घरातील तरुणांनी त्यांना शांतपणे समजावून द्यावे व फसवणूक झाल्यास तत्काळ १९३० या क्रमांकावर तक्रार करावी. आणि एखादा संदेश खोटा असल्याचे कळले, तर ज्या गटात तो पाठविला त्याच गटात तसे लिहावे. त्याने पत कमी होत नाही, वाढते.

पाठशाळेत मुलांना सूत्रे शिकविली जातात, त्याबरोबर आठवड्यातून एक संदेश फळ्यावर लिहून तो खरा की खोटा, हे मुलांकडूनच शोधून घेण्याचा उपक्रम सहज करता येईल. सुवर्ण महोत्सवी वर्षात त्याचा आरंभ व्हावा. मार्गशीर्षात माळेगावच्या वाटेने पुन्हा झोळ्या घेतलेली माणसे येतील. त्यांना या परिसरात भय वाटू नये, इतके जरी साधले तरी हा विषय मांडल्याचे सार्थक होईल.

जय जिनेंद्र.