पायाखालचा नकाशा

आज मी कविता वाचणार नाही. पावसाचं पाणी आपल्या पायाखालून कुठं जातं, याबद्दल थोडं बोलणार आहे. पावसावर आम्ही कवी मंडळींनी ढीगभर लिहिलं. पण तो अंगणातून निघून गेल्यावर त्याचं पुढं काय होतं, याची चौकशी आमच्यापैकी फारशी कुणी केली नाही.

खरं तर आपल्या शहराला हा विषय नवा नाही. मलिक अंबरनं सतराव्या शतकाच्या सुरुवातीला खडकीत शहर वसवलं आणि डोंगरपायथ्याचं पाणी जमिनीखालून गावात आणलं. तीच नहर-ए-अंबरी. अरबीत ‘नहर’ म्हणजे नदी. आपल्याकडं ती जमिनीखाली गेली, तरी नाव नदीचंच राहिलं. पुढं आणखी नहरी झाल्या. अठराव्या शतकातल्या पाणचक्कीचं जातं अशाच पाण्यावर फिरत आलं. दगडी बांधणी, खापराचे नळ, सगळा ढाळाचा खेळ. वाटेत ठिकठिकाणी विटा-चुन्याचे उंच बंब. त्यात पाणी चढायचं, कोंडलेली हवा निघून जायची, पाण्याचा दाब सावरायचा.

मला त्या बंबांचं कौतुक आणखी एका कारणानं वाटतं. नहर जमिनीखाली, पण तिचा पत्ता जमिनीवर. कुठलाही कागद हाती नसला, तरी एका बंबावरून दुसऱ्या बंबाकडं पाहिलं की पाणी कुठून कुठं जातं ते कळायचं.

आता आपल्या पावसाळी गटारांचा पत्ता विचारा. रस्त्यावर डांबराचा नवा थर पडतो आणि चेंबरची झाकणं त्याखाली गडप होतात. दोन वर्षांनी पाणी तुंबलं की तेच चेंबर शोधायला रस्ता पुन्हा फोडायचा. खुद्द नहरसुद्धा रस्त्याच्या कामात फुटल्याच्या बातम्या आपण वाचल्या आहेत. चारशे वर्षांपूर्वीच्या नळाची वाट ठाऊक नसणं एक वेळ समजू शकतं. पण वीस वर्षांपूर्वीच्या नळाची?

याचं कारण निव्वळ आळस नाही. आपलं शहर अनेक हातांनी बांधलं गेलं. आधी नगरपालिका होती, 1982 साली महानगरपालिका झाली. सिडकोनं वसवलेला भाग 2006 मध्ये पालिकेकडं आला. छावणीचा कारभार वेगळा, औद्योगिक वसाहतींचा वेगळा. शिवाय गुंठेवारीच्या वसाहती. त्यांच्यासाठी राज्याचा कायदा आला 2001 साली, पण त्याआधीच लोकांनी वर्गणी काढून नळ टाकून घेतले होते. ते कुठल्या नकाशात असणार? आणि जिथं नकाशा आहे, तिथंही तो बहुतेकदा काम सुरू होण्याआधीचा. कागदावर रेष सरळ जाते. प्रत्यक्षात खणताना काळा खडक लागतो. गावाचं जुनं नावच खडकी, तेव्हा तो लागणारच. मग ठेकेदार नळ चार हात बाजूला वळवतो. वळवलेला नळ मातीखाली जातो, कागद मात्र सरळच राहतो.

हे वळण ठाऊक असतं ते तिथं राबलेल्या माणसांना. आमच्या मोहल्ल्यात असेच एक निवृत्त कर्मचारी राहतात. आम्ही सगळे त्यांना मामू म्हणतो. एकदा मी त्यांना म्हटलं, “मामू, हे सगळं कुठं लिहून ठेवलंय का?” ते हसले. म्हणाले, “कविसाहब, लिहायचं काम तुमचं. आम्हाला कुणी विचारलंच नाही.” मग चालता चालता पायानं दाखवत गेले: इथं लाइन वळते, इथं दोन नळ मिळतात, या ओट्याखाली चेंबर आहे. अशी माणसं प्रत्येक वॉर्डात दोन-चार असतील, आणि ती थकत चालली आहेत.

आता यावर जे साधन आहे, त्याला जीआयएस म्हणतात. मराठीत भौगोलिक माहिती प्रणाली. नाव जड आहे, कल्पना सोपी. एकावर एक ठेवलेले पारदर्शक कागद समजा. एकावर रस्ते, एकावर घरं, एकावर जमिनीचे चढउतार, एकावर नळ. प्रत्येक चेंबर म्हणजे एक ठिपका, आणि त्या ठिपक्याला स्वतःची नोंदवही: अक्षांश-रेखांश, झाकणाची उंची, आतल्या नळाच्या तळाची उंची, व्यास, नळ सिमेंटचा की विटांचा, पाणी कुठून येतं, कुठं जातं, शेवटचा गाळ कधी काढला.

यातली तळाची उंची सर्वांत महत्त्वाची, आणि तिचीच नोंद बरेचदा राहून जाते. पाचशे मीटरला एक मीटर असा ढाळ धरला, तर शंभर मीटर लांब नळ फक्त 20 सेंटिमीटर उतरतो. मोजण्यात वीतभर चूक झाली की नकाशात पाणी उलटं वाहायला लागेल. म्हणूनच खिशातल्या मोबाइलवर हे काम भागत नाही. उघड्या आकाशाखालीही तो चार-पाच मीटर इकडंतिकडं दाखवतो. आमच्या जुन्या गल्ल्या दहा फुटांच्या. तेवढ्या चुकीनं गल्लीतलं गटार शेजाऱ्याच्या स्वयंपाकघरात जाऊन बसेल! इथं अचूक यंत्रं हवीत आणि चेंबर प्रत्यक्ष उघडून मापं घ्यायला हवीत.

एवढा खटाटोप कशासाठी? साधा हिशेब करू. एक हेक्टर जागेवर तासाभरात 50 मिलिमीटर पाऊस पडला, तर ते पाच लाख लिटर पाणी होतं, म्हणजे दहा हजार लिटरचे पन्नास टँकर. ज्या शहरानं आठ-आठ दिवसांनी नळाला येणारं पाणी पाहिलंय, त्याला टँकरचं माप वेगळं सांगायला नको. मातीनं यातलं थोडंफार तरी पिऊन घेतलं असतं. सिमेंट पीत नाही. मुंबईची जुनी पावसाळी गटारं ताशी 25 मिलिमीटरच्या हिशेबानं बांधलेली होती, आणि 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर कोसळला. त्या पुराची कारणं शोधणाऱ्या समितीचे अध्यक्ष होते जलतज्ज्ञ माधवराव चितळे. कुठला नळ किती पाणी पेलतो, हे ठाऊक नसेल तर कुठली वस्ती बुडेल हेही आधी सांगता येत नाही.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर. आपण सरसकट ‘ड्रेनेज’ म्हणतो, पण मैल्याची वाहिनी वेगळी आणि पावसाची वेगळी असायला हवी. चोरून जोडण्या झाल्या की मैला पावसाळी नळातून नाल्यात आणि नाल्यातून खाम नदीत जातो. अशा नळात विषारी वायू साचतो. तुंबलं कुठं हे बाहेरून कळत नाही, मग माणसाला आत उतरवलं जातं. 2013 च्या कायद्यानं संरक्षक साधनांशिवाय असं उतरवायला बंदी केली. अशा मृत्यूंची भरपाई सर्वोच्च न्यायालयानं 2014 मध्ये दहा लाख ठरवली होती, ती 2023 मध्ये तीस लाख केली. भरपाईचा आकडा वाढवावा लागतो, याचा अर्थ माणसं अजून उतरताहेत. नळाची खोली, वळण आणि जोडण्या आधी ठाऊक असतील, तर यंत्र कुठं लावायचं ते वरूनच ठरवता येतं. बघायला म्हणून माणूस पाठवावा लागत नाही.

एक भीती मात्र मी झाकणार नाही. नाल्याकाठच्या वस्त्यांत कुणी मोजणीचं यंत्र घेऊन आलं की बायामाणसं दारात येऊन उभी राहतात. त्यांच्या अनुभवात मोजणीनंतर नोटीस येते आणि नोटिशीनंतर बुलडोझर. ही भीती खोटी आहे असं मला म्हणवत नाही. औरंगपुऱ्यात नाला दुकानांच्या खालून वाहतो, तो कुणाच्या डोळ्यांत खुपत नाही. नूर कॉलनीत घरात पाणी शिरलं की लोकांनाच विचारतात, इथं का राहिलात? नकाशा करायचा तर त्यात दोन्ही जागा एकाच शाईनं उमटल्या पाहिजेत. ज्यांना हलवावं लागेल, त्यांचं पुढचं घर त्याच नकाशावर आधी दाखवलं पाहिजे. आणि तो नकाशा वॉर्ड ऑफिसच्या भिंतीवर, मराठीत आणि उर्दूत, सगळ्यांना दिसेल असा लागला पाहिजे. तो दिसला तरच “साहेब, इथं तुमची रेष चुकली” असं सांगायला लोक पुढं येतील.

नावांचंही पाहावं लागेल. हे शहर खडकी होतं, फतेहनगर झालं, मग औरंगाबाद, आणि 2023 पासून छत्रपती संभाजीनगर. पालिकेच्या कागदात नाल्याला नुसता क्रमांक असतो, आणि मामूंच्या तोंडी त्याच नाल्याचं नाव एखाद्या पिराचं, पाडलेल्या पुलाचं, नाहीतर केव्हाच तोडलेल्या चिंचेचं असतं. नोंदवहीत क्रमांकाशेजारी एक रकाना या नावांसाठी ठेवावा. पावसाळ्याच्या रात्री फोनवर कुणी क्रमांक सांगत नाही; “चिंचेपाशी पाणी चढलंय” असंच सांगतात.