शाळा लहान की मोठी?
(पालकांच्या सभेत केलेले भाषण)



आठवीनंतर मुलांना गावच्या लहान माध्यमिक शाळेत ठेवावे की तालुक्याच्या मोठ्या शाळेत धाडावे, असा प्रश्न आपण मला केला आहे. इमारत पाहून निर्णय करू नका, एवढेच प्रथम सांगतो. बाबासाहेब १९०७ साली मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कुलातून मॅट्रिक झाले. त्या नामांकित शाळेतही ते फळ्याकडे निघताच, मागे ठेवलेले डबे विटाळतील म्हणून सवर्ण मुले धावली होती. तरीही तेथील विद्या बाबासाहेबांनी सोडली नाही.

म्हणून तीन गोष्टी तपासा. गणित, विज्ञान व इंग्रजी शिकविण्यास जाणते शिक्षक आहेत काय? मुलींच्या जाण्यायेण्याची सुरक्षित सोय आहे काय? बसणे, पाणी व झाडलोट यांत भेदभाव होतो काय? या कसोटीस लहान शाळा उतरली, तर तीच निवडा.

कायदाही ध्यानात घ्या. २००९ च्या कायद्याने दिलेला मोफत शिक्षणाचा हक्क आठवीपर्यंतच आहे. खासगी शाळेतील २५ टक्के राखीव जागांवरील मुलांनाही नववीत फी पडू शकते. तिचा आकडा प्रवेशापूर्वीच लेखी मागून घ्या.

प्रवेश-अर्जात धर्म 'बौद्ध' असा निर्भयपणे लिहा. अनुसूचित जातींतून बौद्ध झालेल्यांना त्या जातींचे घटनात्मक संरक्षण १९९० च्या दुरुस्तीने मिळाले आहे. सवलतीसाठी धर्म लपविणाऱ्या घरातील मूल वर्गात ताठ मानेने कसे बसेल?

जयभीम!