एका रस्त्यावरची मुंबई



मुंबईत एक दुपार मोकळी मिळाली,
तर गिरगावात पायी फिरा.
थोडं खा, भरपूर चाला.

मरीन लाइन्स स्थानकावर उतरा.
मेट्रो सिनेमासमोर कयानी हे इराणी हॉटेल आहे.
ते १९०४ सालचं.
तिथे चहात बुडवून बन-मस्का खा.

आता जगन्नाथ शंकरशेट रस्ता धरा.
ठाकुरद्वारला मिसळ मिळते.
एक प्लेट दोघांत घ्या,
कारण अजून पुढे जायचंय.

जवळच खोताची वाडी आहे.
लाकडी जिने, कौलारू घरं, रंगीत व्हरांडे.
तिथे आजही लोक राहतात.
म्हणून आवाज हळू ठेवा,
आणि फोटो विचारूनच काढा.

केशवजी नाईक चाळही याच भागात.
१८९३ पासून तिथे सार्वजनिक गणेशोत्सव होतो.

शेवटी चौपाटी.
लोकमान्य टिळकांवर अंत्यसंस्कार झाले, ते इथेच.
त्यांच्या पुतळ्याला नमस्कार करा,
मग भेळ घ्या.

श्रोतेहो, लक्षात ठेवा.
गाडी नको, घाई नको.
थोडं खा, भरपूर चाला.