शिटी कुणासाठी वाजते?



मी आज सायकलीवर बोलणार आहे. हसू नका. कोलकात्यात २०१३ साली पोलिसांनी १७४ रस्त्यांवर सायकलबंदी केली. कारण काय, तर म्हणे वाहतूक तुंबते! तुंबवतं कोण? मोटारी. पकडला कोण? दूधवाला, पेपरवाला, मिस्त्री. दंड भर, नाहीतर सायकल ठेव. सायकल गेली की त्याची रोजी गेली.

आता लॉस एंजेलिसला चला. तिथल्या शेरीफच्या पोलिसांनी २०१७ ते २०२१ या काळात ४४ हजारांवर वेळा सायकलवाले अडवले. दहातले सात लॅटिनो. शंभरातल्या ८५ जणांची झडती. बेकायदा काही सापडलं ते शंभरात आठांकडे. मग फूटपाथवरून सायकल नेली, दिवा नव्हता, हा गुन्हा की निमित्त?

नियमच नको असं मी म्हणत नाही. ट्रकखाली आपलीच पोरं जातात. दिवा लावा, सिग्नल पाळा. पण नियम सगळ्यांना आणि झडती ठराविक कातडीला, हे चालणार नाही! सिएटलमध्ये हेल्मेटच्या पावत्यांचा हिशेब काढला, तर जवळपास निम्म्या बेघरांवर फाडलेल्या. २०२२ साली ती सक्तीच रद्द झाली.

तेव्हा दोस्तहो, नाक्यावर शिटी वाजली की पावती मागा, कलम विचारा, तारीख-ठिकाण वहीत टिपा. वस्तीवस्तीतल्या वह्या एकत्र करा. मग त्या घेऊन चौकीत जाऊ. चारदोन पोरं नाही, सगळी वस्ती.