मार खाल्लेल्या बाईने कसं शिकावं?

वर्ध्यातल्या व्याख्यानाच्या पत्रिकेवर विषय छापला होता ‘प्रौढ साक्षरता : काल, आज आणि उद्या’. वक्त्या बाईंनी काल आणि उद्या दोन्ही पहिल्या दहा मिनिटांत उरकले. 1937 ची वर्ध्याची शिक्षण परिषद, झाकिर हुसेन समिती, 1945 मध्ये सेवाग्रामला गांधीजींची नई तालीम प्रौढांपर्यंत कशी विस्तारली, याबद्दल ‘वर्धेकरांना हे मी काय सांगायचं’ एवढेच म्हणून त्या पुढे सरकल्या. 1988 चे राष्ट्रीय साक्षरता मिशन एका वाक्यात आले नि गेले. एप्रिलची संध्याकाळ, भिंती अजून तापलेल्या. कूलरच्या घरघरीत मागच्यांना ऐकू येईना, म्हणून बाईंनी एक कूलर बंद करायला लावला आणि ज्यासाठी आल्या होत्या त्या मुद्द्याला हात घातला. साक्षरता वर्गातून बायका का गळतात, याची कारणे आपण शेतीची कामे, वय, चष्मा अशी लिहितो. घरातला मार मात्र कोणत्याच रकान्यात लिहीत नाही.

मार सोसणाऱ्या बाईची वर्गातली अवस्था त्यांनी फार बारकाईने मांडली. बाई येते, बसते, पाटी हातात घेते. काल ओळखलेला ‘क’ आज तिला ओळखू येत नाही. स्वयंसेविका म्हणते, हिचे लक्ष नाही. ती स्वतः म्हणते, ‘मले नाही जमत, डोक्यातच घुसत नाही.’ खरे तर तिचे लक्ष भरपूर असते, पण ते दाराकडे असते, रस्त्यावरच्या आवाजाकडे असते. कोण आले, कसे चालत आले, पिऊन आले का? सतत धोक्यात राहिलेला मेंदू आधी धोका टिपतो, अक्षर नंतर. भीतीच्या दिवसांत झोप तुटते आणि आठवण नीट साठत नाही. डोक्यावर वारंवार बसलेल्या फटक्यांनी तर मेंदूलाच इजा होऊ शकते. कॅनडातल्या साक्षरता कार्यकर्त्या जेनी हॉर्समन यांनी हा प्रश्न ‘टू स्केअर्ड टू लर्न’ या 1999 च्या पुस्तकात मांडला. शिकणाऱ्या स्त्रीचे शरीर वर्गात असते आणि ती मात्र तिथे नसते, हे त्यांनी कार्यकर्त्यांशी आणि शिकणाऱ्या स्त्रियांशी बोलून दाखवले. त्यांचा आग्रह बाईंना विशेष पटलेला दिसला: अशा स्त्रीला आजारी ठरवून समुपदेशकाकडे पाठवले की शिक्षकाची जबाबदारी संपत नाही. ती येते तशी शिकू शकेल, असा वर्गच घडवावा लागतो.

इथे बाईंनी टाळता न येणारा एक मुद्दा मांडला. आपल्याकडे साक्षरतेचा पहिला विजय म्हणजे सही. आणि महाराष्ट्रात लग्न झालेल्या बाईची सही म्हणजे तिचे नाव, नवऱ्याचे नाव, सासरचे आडनाव. म्हणजे रात्री ज्याने मारले, त्याचे नाव सकाळी पाटीवर गिरवायचे. 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचे नाव घालण्याचा निर्णय राज्याने केला. विवाहित बाईच्या नावाची रीत मात्र आहे तशीच राहिली. ‘तिला आधी नुसतं तिचं नाव लिहू द्या,’ बाई म्हणाल्या. मागच्या रांगेत अंगणवाडी सेविका बसल्या होत्या, तिथून पहिली टाळी आली.

मग नेल्लोर निघाले आणि व्याख्यानाचा निम्मा वेळ त्यातच गेला. आंध्रातल्या या जिल्ह्यात 1991 मध्ये साक्षरता मोहीम सुरू झाली. तिच्या वाचनपाठात सीतम्माची गोष्ट होती, दारूने घर कसे बुडते ते सांगणारी. दुबगुंटा गावच्या बायकांनी ती केवळ वाचली नाही, त्यांनी गावातले अरकाचे दुकान बंद पाडले. अरक म्हणजे तिथली स्वस्त देशी दारू, मजुरांच्या हातात सहज पडेल अशा पाकिटांतून विकली जाणारी. दुबगुंट्याची हकीकतच पुढे वाचनपाठात आली आणि गावोगावच्या वर्गांत वाचली गेली. बायकांनी पाकिटे अडवली, ठेक्यांचे लिलाव रोखले, ते पुन्हा पुन्हा पुढे ढकलावे लागले. ऑक्टोबर 1993 मध्ये राज्यभर अरकबंदी आली, जानेवारी 1995 मध्ये संपूर्ण दारूबंदी, आणि 1997 मध्ये तीही उठली. बाईंना या प्रसंगात दारूपेक्षा वर्ग महत्त्वाचा वाटतो. मार ही आपल्या एकटीच्या नशिबाची गोष्ट आहे असे समजणारी बाई तोच मार पुस्तकात छापलेला पाहते, शेजारणीलाही तो ओळखीचा आहे हे तिला कळते, आणि अक्षर भराभर वाचता येऊ लागते.

‘आणि आपला जिल्हा तर 1974 पासून कोरडा!’ असे त्या म्हणताच सभागृहात खसखस पिकली. गांधीजी आणि विनोबांच्या कर्मभूमीचा मान म्हणून आलेली ही बंदी, आणि तरीही गावोगाव भट्टी व बाटली शोधत फिरणारी दारूबंदी महिला मंडळे, दोन्ही प्रत्येकाला ठाऊक होते.

एक ज्येष्ठ श्रोते मात्र उभे राहिले. बापूंच्या जिल्ह्याची अशी बदनामी का, सगळेच पुरुष तसे नसतात, त्यांचा आवाज चढला होता. बाईंनी त्यांना पूर्ण बोलू दिले. मग राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचा 2019-21 चा आकडा सांगितला: महाराष्ट्रात लग्न झालेल्या 18 ते 49 वयाच्या स्त्रियांपैकी सुमारे 25 टक्के नवऱ्याकडून शारीरिक किंवा लैंगिक हिंसा झाल्याचे सांगतात. देशपातळीवर हिंसा सोसलेल्यांपैकी मदत मागितली ती फक्त 14 टक्के स्त्रियांनी. ‘वीस बायकांच्या वर्गात पाच जणी झाल्या, काका. मी त्या पाच जणींबद्दल बोलते आहे.’ काका बसले, पण पटल्यासारखे दिसले नाहीत.

जिल्ह्यातल्याच हिंगणघाटचा उल्लेख मात्र कोणीच अडवला नाही. फेब्रुवारी 2020 मध्ये कॉलेजात शिकवायला निघालेल्या तरुण प्राध्यापिकेला तिथे भर रस्त्यात पेटवण्यात आले, आठवड्याने ती गेली. 2022 मध्ये आरोपीला जन्मठेप झाली. अशी घटना एका बाईपुरती राहत नाही, असे बाईंचे म्हणणे. साक्षरता वर्ग शेतातून परतल्यावर, दिवे लागल्यावरच भरतात, आणि ‘अंधार पडायच्या आत घरी’ ही ताकीद पोरीबरोबर आईलाही लागू होते.

एवढ्यात अध्यक्षांची चिठ्ठी आली. बाईंनी ती वाचून घडी घातली आणि उरलेले भरभर सांगितले. दाराजवळची जागा मागणारीला ती द्या. न विचारता मागून हात धरून अक्षर गिरवून घेऊ नका, तसाच हात घरी पिरगाळला गेलेला असू शकतो. मोठ्याने वाचायची सक्ती नको. चार दिवसांनी आलेलीला ‘काहून वं, कुठं होती?’ असे सगळ्यांदेखत विचारू नका, नुसते ‘आलीस, बरं झालं’ म्हणा. उल्लास या साक्षरता कार्यक्रमातली 150 गुणांची परीक्षा चुकली तर तिला नापासांत मोजू नका. वाचनपाठात 2005 चा कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा साध्या वाक्यांत असावा, संरक्षण अधिकारी म्हणजे कोण तेही असावे. आत्महत्या केलेल्या शेतकऱ्यांच्या पत्नींबद्दल वेगळे बोलायचे होते. शेतकरी आत्महत्यांमुळे आलेल्या 2006 च्या पंतप्रधान पॅकेजमधल्या सहा जिल्ह्यांत वर्धा होता, आणि धक्क्यातून न सावरलेल्या त्या बायकांना कागदांवर सह्या कराव्या लागल्या. ते राहूनच गेले. हा विषय पुढच्या वर्षी स्वतंत्र ठेवायला हवा, नुसत्या ओझरत्या उल्लेखाने भागणार नाही.

आभार सुरू झाले तरी अंगणवाडी सेविकांनी बाईंना मंचाच्या पायरीशी गाठले. त्यातल्या एकीचा प्रश्न थेट होता: नवराच वर्गाच्या दारात येऊन उभा राहिला तर? बाईंनी सांगितले, वर्ग अंगणवाडीत किंवा बचत गटाच्या बैठकीला जोडून घ्या, म्हणजे तिथे जाण्याचे कारण घरी वेगळे सांगावे लागत नाही. परतताना दोघी-तिघींना बरोबर पाठवा. त्याच्याशी दारात वाद घालू नका, राग ती घरी पोचल्यावर निघतो. हजेरीपट कोणाला दाखवू नका. आणि अंक शिकवायला लागाल तेव्हा 1, 8, 1 हे तीन आधी शिकवा, तो महिला हेल्पलाइनचा नंबर आहे.