खारीच्या पिल्लाला आधी ऊब, दूध नंतर

आजचा भाग छोटा आहे, आणि ज्यांना शेवटपर्यंत ऐकायला वेळ नाही त्यांच्यासाठी मुद्दा आत्ताच सांगून टाकते. सापडलेलं खारीचं पिल्लू बहुतेकदा भुकेने मरत नाही. ते गारठून मरतं, नाहीतर आपण प्रेमाने पाजलेल्या दुधाने मरतं.

मी राहते सदाशिव पेठेत. इथे अजून काही जुने वाडे उरलेत, आणि त्यांना खेटून नव्या इमारती. खारींना दोन्ही चालतं. वाड्याची वळचण, नारळाचं झाड, एसीच्या बाहेरच्या युनिटमागची फट, कुठेही घरटं होतं. साहित्य आपल्याच घरातलं! काथ्या, कापूस, गादीतून निघालेले धागे. आमच्या गॅलरीतल्या मॉपचे दोरे महिनाभर कमी होत होते, तेव्हा मला वाटलं मॉपच हलक्या दर्जाचा आहे. मग वाडा पाडायला घेतला, पावसाळ्याआधी फांदी छाटली किंवा एसीवाला सर्व्हिसिंगला आला, की घरटं खाली येतं.

मार्चमधला रविवार. संध्याकाळी तळमजल्यावरच्या काकू पायपुसण्यात काहीतरी गुंडाळून वर आल्या. "अगं, बघ गं जरा, धुगधुगी आहे का?"

दोन पिल्लं होती. एक गेलेलं होतं. दुसऱ्याचे डोळे मिटलेले, अंगावर जेमतेम लव, पाठीवर पट्टे आत्ता कुठे उमटायला लागलेले. हाताला फरशीसारखं गार. काही सेकंदांनी एकदा तोंड उघडायचं, तेवढाच काय तो श्वास. आणि कानामागे मुंग्या.

इथे एक गोष्ट मध्येच सांगते, कारण ती महत्त्वाची आहे. खाली पडलेलं प्रत्येक पिल्लू अनाथ नसतं. खार पिल्लाला तोंडात धरून दुसऱ्या जागी नेते, आणि माणसाचा हात लागला म्हणून ती पिल्लू टाकून देते, हे खरं नाही. पिल्लू धडधाकट असेल, कुठे जखम नसेल, तर उघड्या खोक्यात कापड आणि ऊब देऊन त्याच झाडापाशी, मांजर पोचणार नाही अशा उंचीवर ठेवायचं आणि लांब जाऊन बसायचं. खरंच लांब. मोबाईल घेऊन दोन फुटांवर नाही. खार दिवसा वावरणारी आहे, त्यामुळे अंधार पडेपर्यंत आली नाही तर पिल्लू आत घ्यायचं. नराची वाट बघू नका, पिल्लं वाढवण्यात त्याचा सहभाग नसतो.

आमच्याकडे हा प्रश्नच नव्हता. पिल्लांची आई सकाळीच बोळाच्या तोंडाशी डीपीखाली मरून पडलेली होती, शॉक लागून. पोटावरची स्तनं फुगलेली होती, म्हणजे पाजणारी मादी. काकूंनी ती बघितली होती, म्हणूनच त्यांनी घरटं शोधलं. मला तर वाटतं या सगळ्या प्रकरणात खरं डोकं त्यांनीच चालवलं.

पण त्यांच्या दुसऱ्या हातात वाटी होती. कोमट गाईचं दूध, चिमूटभर साखर, कापसाची वात. मी म्हटलं, "काकू, वाटी बाजूला ठेवा. आत्ता त्याला काहीच द्यायचं नाही." त्यांना ते क्रूरपणाचं वाटलं. चेहराच सांगत होता.

कारण असं आहे. अंग गार पडलं की आतडं काम करायचं थांबतं. पोटात गेलेलं दूध पचत नाही, तसंच पडून राहतं, आंबतं, पोट फुगतं. त्यात अर्धमेल्या पिल्लाला गिळता येत नाही, मग तेच दूध श्वासनलिकेतून फुप्फुसात जातं. न्युमोनिया. आणि गाईचं दूध मुळात वासरासाठी. खारीच्या दुधात त्याच्या मानाने स्निग्धांश आणि प्रथिनं पुष्कळ जास्त असतात. गाईच्या दुधातली साखर पिल्लाला सोसत नाही, जुलाब होतात. वीस ग्रॅमच्या जिवाला जुलाब म्हणजे संपलंच.

तर आधी ऊब. मुंग्या काढल्या. माशीची अंडी आहेत का तेही बघायचं, तांदळाच्या कणीसारखी पांढरी दिसतात, कान, नाक आणि जखमेपाशी. मग गरम पाण्याची बाटली जुन्या पंचात गुंडाळून बुटाच्या खोक्यात ठेवली, फक्त अर्ध्या भागात. दुसरा अर्धा मोकळा, म्हणजे उकडलं तर त्याला सरकता येईल. पिल्लू कधीही थेट बाटलीवर नाही, भाजतं. हेअर ड्रायर नको, दिव्याखाली धरणं नको. सावकाश. पाऊण तासाने त्याची राखाडी कातडी गुलाबीकडे झुकली आणि मागचा एक पाय हलला. काकूंनी देवाचं नाव घेतलं. मी फोन घेतला.

नंबर लिहून ठेवा. १९२६, वनविभागाची 'हॅलो फॉरेस्ट' हेल्पलाइन, टोल फ्री. खार लहान असली तरी वन्यजीव आहे, त्यामुळे कळवायचं. पुण्यात रेस्क्यू चॅरिटेबल ट्रस्ट २००७ पासून काम करतो, बावधनला वनविभागाबरोबर त्यांचं वन्यप्राण्यांसाठी उपचार केंद्र आहे. तुमच्या गावात कोण आहे ते आजच शोधून ठेवा, पिल्लू हातात आल्यावर नाही.

मला फोनवर एक डॉक्टर मिळाल्या. त्यांनी मानेजवळची कातडी हलकेच चिमटीत धरून सोडायला सांगितली. लगेच सपाट झाली तर ठीक. तशीच उभी राहिली, म्हणजे अंगातलं पाणी गेलंय. ती उभीच राहिली. मग स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन. अठरा ग्रॅम. मोठी खार साधारण शंभर ग्रॅमची असते, त्यावरून अंदाज करा. एका वेळी वजनाच्या साधारण पाच टक्के, म्हणजे एक मिलिलिटरपेक्षाही कमी. तेही दूध नाही, कोमट ओआरएस. सुई नसलेली एक मिलिलिटरची सिरिंज, पिल्लू पोटावर, डोकं जरा वर, ओठाला थेंब लावायचा आणि त्याने चाटायची वाट बघायची. माणसाच्या बाळासारखं उताणं कधीच नाही. नाकातून बुडबुडा आला तर ताबडतोब थांबायचं.

आणि एक काम जे कोणी सांगत नाही. एवढ्या लहान पिल्लाला आपणहून शू-शी करता येत नाही. आई चाटते तेव्हा होते. ओल्या कोमट कापसाने तिथे हलकेच पुसत राहायचं. रात्री अकराला पहिला थेंब आला, गडद पिवळा. मी जन्मात कोणाच्या शूचा इतका आनंद केला नव्हता.

दर दोन तासांनी गजर. दुपारी एक ते चार बंद ठेवायची आमची पेठ, पण पिल्लाला पाटी वाचता येत नाही. पहाटे तीनला ते पुन्हा ढिलं पडलं, श्वासाबरोबर बारीक टिकटिक आवाज. फोन केला. डॉक्टर म्हणाल्या, "आता तोंडातून काही देऊ नका. फक्त ऊब, आणि उजाडताच घेऊन या. जगेल असं मी म्हणणार नाही." मला ते बोलणं बरं वाटलं. खोटा धीर दिला असता तर मी रागावले असते.

बाटलीतलं पाणी बदलत बसून होते तेव्हा मनात आलं, कशासाठी चाललंय हे? आपली खार दुर्मीळ नाही. ऑस्ट्रेलियात पर्थच्या प्राणिसंग्रहालयातून १८९८ मध्ये काही खारी सुटल्या, त्यांचे वंशज तिथे अजून आहेत आणि उपद्रवी म्हणून गणले जातात. शेकरू असतं तर गोष्ट वेगळी, ते राज्यप्राणी, त्याच्यासाठी भीमाशंकरचं अभयारण्य आहे. एक साधी खार कमी झाली तर पेठेला पत्ताही लागणार नाही. हे सगळं खरंय. पण त्या अठरा ग्रॅमला प्रजातीची लोकसंख्या माहीत नव्हती, त्याला बोटाची ऊब कळत होती. मी पाणी गरम करायला उठले.

सकाळी सातला रिक्षा. खोकं काकूंच्या मांडीवर, दर स्पीडब्रेकरला रिक्षावाल्याला दम. केंद्रात त्यांनी पिल्लाला उबदार पेटीत ठेवलं, कातडीखाली सलाईन दिलं, अँटिबायोटिक सुरू केलं. मांजराने चावलेलं पिल्लू असेल तर हे औषध काही तासांतच लागतं, जखम दिसत नसली तरी. मग त्यांनी फॉर्म काढला आणि विचारलं, नेमकं कुठे सापडलं? कारण मोठं झाल्यावर शक्यतो ओळखीच्या भागातच सोडतात. काकूंनी खुन्या मुरलीधरापासून सुरुवात करून बोळ, वाडा, नारळाचं झाड, कितवी फांदी, सगळं लिहून घ्यायला लावलं.

"आपल्याकडेच ठेवलं असतं की गं," परत येताना त्या म्हणाल्या. खांद्यावर बसून शेंगदाणे खाणाऱ्या खारींच्या रील तुम्हीही बघितल्या असतील. गोड असतात. पण माणसाला न घाबरणारी खार मांजरालाही घाबरत नाही, आणि झाडावर अन्न शोधायला तिला कोणी शिकवलेलं नसतं. केंद्रात ते त्याच वयाच्या दोन पिल्लांबरोबर वाढणार होतं. माणसाचा हात जितका कमी तितकं चांगलं. तरी रिकामं खोकं बघून मलाही कसंसंच झालं, ते नाकारत नाही.

तीन दिवस काही कळलं नाही. चौथ्या दिवशी मेसेज आला, दूध पचतंय. पुढच्या आठवड्यात, डोळे उघडले. मग मे महिन्यात एक फोटो. झाडाला बांधलेला पिंजरा, दार उघडं. खाली लिहिलं होतं, दोघं बाहेर गेलीत, तुमचं दिवसभर फांदीवर असतं, पण रात्री अजून पिंजऱ्यात झोपायला येतं.

मी फोन काकूंना दाखवला. त्यांनी चष्मा लावून बराच वेळ बघितला आणि विचारलं, "जेवून येतं का पण?"